जे दिसेल तेच काढा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी पाहुण्याने शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे असा रिवाज आहे. मी तो आज मोडणार आहे. शिक्षणाचे महत्त्व आपणांस पटलेले नसते, तर दिवसाचा रोजगार बुडवून, लहान मुले कडेवर घेऊन आपण या मंडपात येऊन बसलाच नसता. पटलेली गोष्ट पुन्हा पटवण्यात वेळ न घालवता मी आपणांस एक वस्तू दाखवतो. माझ्या हातातील या काचेच्या पेल्यात पाणी आहे आणि पेल्याच्या तोंडावर एक कांदा बसवलेला आहे. कांदा आपल्याच जळगाव जामोदच्या बाजारातला आहे. चार दिवसांपूर्वी त्याची जुनी वाळलेली मुळे खरवडून काढली आणि त्याचा बुडखा पाण्याला जेमतेम टेकेल असा ठेवला. आज त्याला बोटाच्या पेराएवढी पांढरी मुळे फुटली आहेत. मागे बसलेल्यांना ती दिसत नसतील. त्यांनी कार्यक्रमानंतर जवळ येऊन पाहावीत.

ही मुळे आली कोठून? मातीचा कण नाही, खताची चिमूट नाही, नुसते पाणी. याचे उत्तर प्रत्येक मुळाच्या टोकाशी, अवघ्या दोन मिलिमीटरांच्या आत आहे. तेथे एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, असे काम अखंड चालू असते. आपल्या घरातील मूल वाढते, खेळताना फुटलेला गुडघा भरून येतो, तोही याच रीतीने. या कामाला पेशीविभाजन म्हणतात. आपले वडीलधारे ज्याला खुर्दबीन म्हणत, त्या शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून ते आपल्या डोळ्यांनी पाहता येते. ते कसे पाहावे, आणि पाहिल्यावर वहीत जे दिसले तेच का काढावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम कृती ऐका. सकाळच्या वेळी मुळाचे सेंटिमीटरभर टोक कापून घ्यावे. ते लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाकून एक दिवस ठेवावे. या मिश्रणात पडताच प्रत्येक पेशी ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत थबकते. दुसऱ्या दिवशी ते टोक एका लहान काचेच्या वाटीत घेऊन त्यावर ॲसिटोकार्मिन या तांबड्या रंगाचे नऊ थेंब आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा व वाटीला हलकी ऊब द्यावी. वाफ दिसली पुरे, उकळी येऊ देऊ नये. आम्लाने पेशी एकमेकींपासून सैल होतात आणि रंग आतल्या धाग्यांवर चढतो. मग टोकाचा सर्वांत गडद रंगलेला दोन मिलिमीटरचा भाग तेवढा काचपट्टीवर ठेवून बाकीचे मूळ टाकून द्यावे. वर पातळ आच्छादक काच ठेवावी, तिच्यावर टिपकागद ठेवावा, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके द्यावेत आणि शेवटी अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. काच बाजूला सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. आम्ले हाताळताना शिक्षक जवळ हवेत, हे वेगळे सांगायला नको.

रंग ज्या धाग्यांवर चढतो त्यांना आपण मराठीत गुणसूत्रे म्हणतो. आईबापांचे गुण पुढच्या पिढीकडे नेणारी सूत्रे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत त्यांना क्रोमोसोम म्हणतात. हे नाव १८८८ साली वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने दिले आणि त्याचा अर्थ नुसता ‘रंगीत देह’ असा आहे. त्या वेळी त्यांचे काम कोणाला उलगडलेले नव्हते. रंग चढतो एवढेच दिसत होते, म्हणून नावही तेवढेच दिले. त्याआधी १८८२ साली वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमॅंडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशींतील विभाजनाची चित्रे छापली होती. ती चित्रे आजही खरी ठरतात, कारण फ्लेमिंग यांनी दिसले तेवढेच काढले होते.

आता माझीच एक चूक आपल्यापुढे कबूल करतो. मी महाविद्यालयात शिकत असताना हाच प्रयोग आम्हांला होता. मी घाईघाईने काचपट्टी तयार केली, डोळा लावला आणि मला एक सुरेख गोल दिसला, काळीभोर कड असलेला. पेशी सापडली, असे समजून मी गाईड उघडले आणि त्यातले मध्यावस्थेचे चित्र वहीत उतरवले. रंगीत पेन्सिलीने सजवले, नावे दिली. आमचे प्राध्यापक फेरीला आले. त्यांनी आधी वही पाहिली, मग माझ्या यंत्राला डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता लाल शाईने वहीत लिहिले, “चित्र सुंदर आहे. पेशी कोणती, ते दाखवा.” मला दाखवता आली नाही. तो गोल हवेचा बुडबुडा होता.

त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी दुसरी काचपट्टी केली, ती बिघडली, मग तिसरी केली. दिवेलागणीच्या सुमारास मला पहिली खरी विभाजन पावणारी पेशी दिसली. ती गाईडमधल्यासारखी नव्हती. थोडी तिरकी होती, तिच्या एका कडेवर शेजारची पेशी चढली होती आणि धागे मोजता येत नव्हते. पण ती मी शोधलेली होती. ते वेडेवाकडे चित्र माझ्याजवळ अद्याप आहे. सुंदर चित्राचे पान मात्र मी त्याच रात्री फाडून टाकले.

तेव्हा यंत्राला डोळा लावल्यावर काय दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आपली निराशा होणार नाही. प्रथम लहान भिंग लावावे. शंभरपट मोठे दिसते. विटांच्या भिंतीसारख्या चौकोनी पेशींचा पसारा दिसेल. ज्या पेशी लांबट आहेत त्यांच्याकडे वेळ घालवू नये. त्या टोकापासून दूरच्या, विभाजन संपवून नुसत्या लांबी वाढवणाऱ्या पेशी होत. आखूड, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशी गाठाव्यात आणि मग मोठे भिंग लावावे, म्हणजे साडेचारशेपट मोठे दिसते. तेथेही शंभर पेशींमागे जेमतेम पाच-दहा पेशी विभाजनात सापडतील. बाकीच्यांत गोल, रवाळ केंद्रक तेवढे दिसेल. या पेशी विश्रांती घेत आहेत असे जुनी पुस्तके सांगत. खरे पाहता त्यांपैकी पुष्कळ पेशी आपल्या धाग्यांची प्रत तयार करण्याच्या मोठ्या कामात गुंतलेल्या असतात, पण ते काम या यंत्रातून दिसत नाही.

विभाजनातली पेशी सापडली की तिची अवस्था ओळखावी. सुताची गुंडी गुंतून पडावी तसे केंद्रक दिसले तर ती पूर्वावस्था. आखूड, जाड झालेले धागे पेशीच्या मधोमध रांगेत उभे असतील तर ती मध्यावस्था. धाग्यांचे दोन पुंजके परस्परांपासून दूर जात असतील आणि त्यांची टोके मागे फरफटत असतील तर ती पश्चावस्था. दोन टोकांना दोन नवी केंद्रके आणि मध्ये भिंतीची पुसट रेघ दिसली तर ती अंत्यावस्था. धागे ओढून नेणारे तंतू इतके नाजूक असतात की या रंगाने ते सहसा दिसत नाहीत. आपल्या कापसाच्या मुलखातील जुन्या मंडळींना चाती ठाऊक आहे. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर अशा त्या चातीच्या आकारात हे तंतू मांडलेले असतात.

या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच, चोख वाटणी. आपल्याकडे दोन भावांत शेताची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे शेत येते आणि नातवांच्या वेळी तर बांधच उरतात. पेशी तसे करीत नाही. ती आधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत काढते आणि मगच वाटणी करते. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. वाटणीनंतर दोन्ही लेकी-पेशींत १६च राहतात. आपल्या देशी कपाशीत २६, अमेरिकन कपाशीत ५२, ज्वारीत २० आणि तुरीत २२. ज्याचा त्याचा आकडा ठरलेला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जपलेला.

काचपट्टीवरच्या पेशी तर स्थिर झालेल्या असतात. मग कोणती अवस्था किती वेळ टिकते हे कसे कळावे? आपल्या एस. टी. स्थानकाचे छायाचित्र काढले अशी कल्पना करा. नांदुऱ्याच्या गाडीची वाट पाहणारे पन्नास, तिकीट काढणारे दहा आणि गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवलेले दोन असे त्यात दिसले, तर वाट पाहण्यात जास्त वेळ जातो आणि पायरी चढायला क्षणभर लागतो, हे घड्याळ न पाहता सांगता येते. पेशींचेही तसेच आहे. चारशे-पाचशे पेशी मोजा, प्रत्येक अवस्थेच्या किती ते लिहा. ज्या अवस्थेच्या पेशी जास्त, ती अवस्था जास्त वेळ टिकणारी. बहुधा पूर्वावस्था पुष्कळ सापडतात आणि पश्चावस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मात्र आकडे आपल्या काचपट्टीचे लिहावेत, माझे नव्हेत.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, सर, मोबाईलवर पेशी विभाजन पावतानाची चित्रफीत पाहता येते, तीही रंगीत आणि हलती. मग कांदा, आम्ल आणि बुडबुडे हवेत कशाला? चित्रफीत अवश्य पाहा. तिचा उपयोग आहे. पण तिच्यात कोणती पेशी पाहायची हे दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. शंभर पेशींतून आपली एक पेशी शोधणे, बुडबुडा कोणता आणि पेशी कोणती हे ओळखणे, हे शिक्षण चित्रफीत देत नाही. आणि एखादा पालक म्हणेल, मुलाने पुस्तकातून चित्र उतरवले आणि त्याला गुण मिळाले, तर आभाळ कोसळते काय? त्यांच्यासाठी मी एक खरी हकीकत सांगतो.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हा साधा प्रश्न. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने उत्तर दिले, ४८. त्या काळची साधने तुटपुंजी होती, धागे एकमेकांवर चढलेले दिसत आणि ४६ की ४८ असा संशय आरंभी खुद्द पेंटर यांनाही होता. परंतु आकडा छापून आला, पाठ्यपुस्तकांत गेला आणि पुढे सुमारे तीस वर्षे जगभर ४८च शिकवले गेले. १९५२ साली टी. सी. शू या संशोधकाला एक सोय सापडली. प्रयोगशाळेत कोणाच्या तरी चुकीने द्रावणात क्षार कमी पडला, त्यामुळे पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी सुटी पसरली. मोजण्यास याहून सोपे काय असणार? तरीही शू यांनी ४८च लिहिले. पुढे त्यांनी ही चूक मोकळेपणाने मान्य केली. पुस्तकातला आकडा डोक्यात इतका घट्ट बसला होता की डोळ्यांची साक्ष त्यापुढे टिकली नाही.

हा आकडा दुरुस्त केला तो जावा बेटावर जन्मलेल्या जो हिन चिओ यांनी. ते मूळचे वनस्पतींच्या पेशी पाहणारे संशोधक. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत त्यांनी हालात वर्षे काढली होती. स्वीडनमधील लुंड येथे अल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत ते येऊन काम करीत. आणि हे लेवान कोण? कांद्याच्या मुळांची टोके पाहण्यात ज्यांची वर्षे गेली ते. मुळाचे टोक दाबून पेशी एका पातळीत पसरवण्याची, मी मघाशी सांगितलेली रीत वनस्पतींवर काम करणाऱ्यांच्या हातात मुरलेली होती. तीच चिओ यांनी माणसाच्या पेशींवर चालवली. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी गुणसूत्रे मोजली, ती ४६ भरली. पुन्हा पुन्हा, पेशीमागून पेशी मोजली, ४६च. सगळे जग ४८ म्हणत असताना त्यांनी जे दिसले ते लिहिले आणि १९५६ साली ते प्रसिद्ध झाले.

दोन धाग्यांच्या फरकाने एवढे काय बिघडते? खरा आकडा ठाऊक झाला म्हणूनच तीन वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेजन आणि रेमोँ त्युर्पँ यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असल्याचे दाखवले. एकविसाव्या क्रमांकाच्या जोडीत एक धागा जास्त. ज्या पेशीसंवर्धनातून हे दिसले ते प्रयोगशाळेत उभे करणारी गोतिए ही एक तरुण डॉक्टर स्त्री होती.

पालकहो, हे आपल्या मोहल्ल्यापासून दूर नाही. असे मूल ज्या घरात जन्मते त्या घरात आईला काय काय ऐकावे लागते, ते आपण सारे जाणतो. हिने ग्रहण पाळले नाही, हिने भलते खाल्ले, हिच्या माहेरची खोट आहे. सूक्ष्मदर्शकाने या आरोपांचा निकाल १९५९ साली लावलेला आहे. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होण्याच्या वेळच्या विभाजनात एक जोडी सुटी व्हायची राहून जाते. ते आपोआप घडते. आईचे वय वाढले की त्याची शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात. तिच्या खाण्याशी, चालण्याशी, घराण्याच्या अब्रूशी त्याचा संबंध नाही. ज्या घरात हे कळेल त्या घरातल्या एका स्त्रीचे आयुष्य सुसह्य होईल.

आता एक औषधाची गोष्ट. आपल्या हकिमांच्या बटव्यात सुरंजान नावाचा कंद असतो. सांध्यांच्या दुखण्यावर तो पूर्वापार वापरला जातो. त्या जातीच्या कंदात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. लेवान यांनी १९३८ साली ते कांद्याच्या मुळांना दिले, तेव्हा गुणसूत्रे तयार झाली पण त्यांना ओढून नेणारी चातीच उभी राहिली नाही; धागे जागच्या जागी विखुरले आणि विभाजन अडले. माणसाची गुणसूत्रे मोजताना चिओ आणि लेवान यांनी याच द्रव्याचा उपयोग केला. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतही अशीच चाती मोडणारी द्रव्ये आहेत. त्यांपैकी व्हिन्क्रिस्टिन हे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात आजही वापरले जाते, कारण कर्करोग म्हणजे थांबायचे विसरलेले पेशीविभाजन. मात्र हे ऐकून कोणी घरी सदाफुलीचा काढा करू नये. ही विषारी द्रव्ये आहेत आणि त्यांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

या कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी पायाभूत रीतीने केला, त्या डॉ. कमल रणदिवे यांचे नाव प्रत्येक मुलीला ठाऊक असावे. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील जीवशास्त्राचे शिक्षक. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराच्या घरी पडावे अशी त्यांची इच्छा. मुलीने वेगळी वाट धरली. पदव्युत्तर अभ्यासाला तिने विषय घेतला तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. दिवाळीच्या सुमारास आपल्या सातपुड्यातून जी सीताफळे बाजारात येतात, त्यांच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. गणितज्ञ असलेल्या पतीने त्यांना या शिक्षणात साथ दिली. पुढे मुंबईत डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जाऊन पेशी काचपात्रात वाढवण्याची विद्या आत्मसात केली आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात भारतातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सीताफळाच्या पेशींवर बसलेली नजर पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी पाहण्यास उपयोगी पडली.

त्यांना घरातून साथ मिळाली म्हणून हे घडले. म्हणून आता पालकांकडे थेट येतो. प्रात्यक्षिकाचा तास बहुधा दुपारी उशिरा असतो. नेमक्या त्याच वेळी मुली वही गुंडाळून उठतात. कोणाची गावाकडची शेवटची गाडी असते, कोणाला अम्मीबरोबर चूल सांभाळायची असते. मागे राहिलेले चित्र मग मैत्रिणीच्या वहीतून उतरवले जाते. म्हणजे ज्या वेळी तिला पहिली पेशी दिसायची, नेमकी तीच वेळ आपण तिच्याकडून काढून घेतो. आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, तिला थांबू द्या. शक्य तर वडिलांनी किंवा भावाने तिला न्यायला यावे, आणि आल्यावर त्यांनीही एकदा यंत्राला डोळा लावून पाहावा.

दुसरी विनंती घरातल्या जागेची. मूल कांदा पाण्यात ठेवील. त्याला, अन्नाची नासाडी करतोस, म्हणून रागावू नका. फडताळाच्या एका कोपऱ्यात चार दिवस त्या पेल्याला जागा द्या. आणि मूल घरी आले की गुण किती मिळाले हे विचारण्याआधी, आज काय पाहिलेस, असे विचारा.

तिसरी विनंती शाळा चालवणाऱ्यांना. देणगीतून घेतलेले सूक्ष्मदर्शक कुलूपबंद कपाटात ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. मुले फोडतील ही त्यामागची भीती. पावसाळ्यात त्या बंद कपाटात भिंगांवर बुरशी चढते आणि यंत्र कोणाचाही हात न लागता निकामी होते. मुलांच्या हातून एखादी आच्छादक काच फुटली तर फुटू द्या. अशा फुटलेल्या काचांचा खर्च शाळेने आनंदाने सोसावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम देऊन जातो. आपल्या तालुक्यातील अनेक गावे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात येतात. सातपुड्याच्या पायथ्याकडे गेले की पाणी बदलते. तीन पेले घ्या. एकात खाऱ्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात गोडे पाणी, तिसऱ्यात साठवलेले पावसाचे पाणी. एकाच आकाराचे कांदे तिन्हींवर ठेवा. एका पेल्यासाठी पाच-सहा कांदे घेतलेत तर अधिक बरे, कारण एखादा कांदा मुळातच कमजोर असू शकतो. रोज ठरलेल्या वेळी मुळे मोजा. मग टोके कापून पेशी मोजा. कोणत्या पाण्यात शंभरामागे किती विभाजन पावतात ते लिहा. पाणी किंवा औषध पेशींना घातक आहे काय, हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञ कांद्याची मुळे याच पद्धतीने वापरतात. या प्रयोगाचे उत्तर काय निघेल ते मी सांगणार नाही. मी सांगितले की तुम्हांला तेच दिसू लागेल. आणि तुमचे आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर खोडरबर हातात घेऊ नका. दोघांनी पुन्हा मोजा.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. या कांद्याच्या भावंडाची मुळे काल कापून, रंगवून काचपट्ट्या तयार केल्या आहेत. आधी मुलींनी, मग मुलांनी आणि मग पालकांनी रांगेने यावे. शेजारी कोऱ्या कागदांची थप्पी आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. जे दिसेल ते काढा आणि खाली आपले नाव लिहा. ज्यांना काहीच दिसणार नाही त्यांनी ‘काही दिसले नाही’ असे लिहावे, त्यात संकोच नको, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत येथेच आहे.